साताऱ्यातला संगणक, पुण्यातली किल्ली

साताऱ्याच्या घरी माझ्या जुन्या खोलीत एक डेस्कटॉप आहे. त्यावर उबुंटू, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स प्रणाली, आहे आणि त्याच्या डिस्कमध्ये घरातले वीस वर्षांचे फोटो, बाबांनी स्कॅन करून ठेवलेली जमिनीची कागदपत्रं आणि आजीच्या आवाजातल्या ओव्या आहेत. मी पुण्यात राहते. हवी ती फाइल इथून काढता यावी, अपडेट इथून करता यावेत, पण ज्या वाटेने मी आत शिरते तीच वाट दुसऱ्या कोणाला सापडू नये, एवढीच माझी गरज होती. गेली काही वर्षं ही व्यवस्था नीट चालली आहे. ती कशी बसवली आणि प्रत्येक पायरीमागे कारण काय, हे इथे सांगते. आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

या सगळ्याच्या मुळाशी एसएसएच नावाचा प्रोग्राम आहे. दूरच्या संगणकाचं टर्मिनल तो आपल्यासमोर उघडून देतो. त्याचा जन्म १९९५ सालचा. फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी गुपचूप ऐकणारा प्रोग्राम बसवला होता आणि जाणारे-येणारे पासवर्ड तो टिपून ठेवत होता. त्या काळी दूरच्या संगणकावर जायला टेलनेट वापरत, आणि टेलनेटमध्ये पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा उघडा जायचा. वाटेतल्या कोणीही वाचावा. तिथले संशोधक तातू इलोनेन यांनी यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं आणि त्याच वर्षी जुलैत सर्वांसाठी मोफत खुलं केलं. पोर्ट म्हणजे संगणकाच्या दाराचा क्रमांक. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३. मधला २२ मोकळा होता, तो त्यांनी रीतसर मागून घेतला. आज आपण लिनक्सवर वापरतो ते ओपनएसएसएच १९९९ साली ओपनबीएसडी या मुक्त प्रणालीच्या मंडळींनी मूळच्या मुक्त आवृत्तीवरून तयार केलं.

हा इतिहास सांगण्याचं कारण असं की पुढचं सगळं एकाच प्रश्नाभोवती फिरतं: आपलं गुपित कुठून कुठे जातं? टेलनेटमध्ये ते उघड्यावरून जायचं. एसएसएचमध्ये पासवर्ड वापरला तर ते बंद पेटीतून जातं. आणि एसएसएचमध्ये किल्ली वापरली तर ते जागचं हलतच नाही. हा तिसरा प्रकार एकदा मनात बसला की बाकीच्या सेटिंग्ज पाठ कराव्या लागत नाहीत.

आधी बंद पेटीचं बघू. दोन संगणक पहिल्यांदाच भेटतात, मधली वाट सगळ्यांना दिसते, तरीही दोघांपुरता एक गुप्त आकडा ठरतो. हे कसं होतं? १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी प्रसिद्ध केलेली ही युक्ती आहे. ती कागदावर करून बघण्यासारखी आहे, म्हणून छोटे आकडे घेते. पुणे आणि सातारा उघडपणे ठरवतात: ३ चे घात करायचे आणि १७ ने भागून बाकी तेवढी सांगायची. पुणे मनात ५ धरतं. ३ चा पाचवा घात २४३, त्याला १७ ने भागलं की बाकी ५ (मनातल्या ५ शी जुळली हा योगायोग). ती बाकी पुणे साताऱ्याला कळवतं. सातारा मनात ७ धरतं. ३ चा सातवा घात २,१८७, बाकी ११. ती सातारा पुण्याला कळवतं. आता पुणे आलेल्या ११ चा पाचवा घात करतं: १,६१,०५१, बाकी १०. सातारा आलेल्या ५ चा सातवा घात करतं: ७८,१२५, बाकी पुन्हा १०. दोघांकडे १० आला, आणि १० हा आकडा तारेवरून एकदाही गेला नाही. चोरून ऐकणाऱ्याने ३, १७, ५ आणि ११ ऐकले. इतक्या लहान आकड्यांत तो उत्तर शोधेलही, पण खऱ्या व्यवहारात आकडे शेकडो अंकी असतात आणि उलटा हिशोब कोणत्याही संगणकाच्या आवाक्यात राहत नाही. आजकाल घातांच्या जागी वक्रांचं गणित वापरतात, आणि पुढेमागे क्वांटम संगणक आले तरी टिकावी अशी आणखी एक पद्धत ओपनएसएसएच २०२२ पासून आपोआप जोडीला घेतं. कल्पना मात्र तीच आहे. मला हे दरवेळी थोडं नवलाचंच वाटतं.

पेटी बंद झाली. मग पासवर्डात वाईट काय? दोन गोष्टी. पेटी सुरक्षित असली तरी पलीकडे ती उघडली जाते, आणि पासवर्ड पलीकडच्या संगणकाला जसाच्या तसा मिळतो. पलीकडे खरंच आपलाच संगणक असेल तर ठीक. दुसरी गोष्ट अधिक रोजची आहे: पासवर्ड चालतो म्हटलं की तो ओळखायचा प्रयत्न कोणीही करू शकतं. पोर्ट २२ इंटरनेटवर उघडा ठेवा आणि काही तासांनी नोंदी बघा. रूट (सर्वाधिकार असलेलं खातं), ॲडमिन, टेस्ट, उबुंटू अशा नावांनी अनोळखी पत्त्यांवरून दारावर थापा पडत असतात. त्यात वैयक्तिक वैर काही नाही. यंत्रं सगळ्या पत्त्यांवरून फिरत असतात. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या टेलनेटवर लावून बघितल्या आणि लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता.

किल्लीची पद्धत वेगळी आहे. आपला संगणक दोन आकड्यांची जोडी तयार करतो, एक खाजगी आणि एक जाहीर. जुन्या मराठी पत्रांवर शिक्का असायचा. शिक्का कारभाऱ्याच्या ताब्यात, पण त्याचा ठसा सगळ्यांनी पाहिलेला. पत्र आलं की ठसा पडताळायचा, शिक्का मागायचा नाही. खाजगी किल्ली म्हणजे तो शिक्का, जाहीर किल्ली म्हणजे पडताळायला दिलेला ठसा. फरक एवढाच की लाकडी किंवा धातूचा शिक्का ठसा बघून कोणी कारागीर कोरू शकला असता. इथे ठशावरून शिक्का बनवणं गणितानेच अडवलेलं आहे.

आणि हा शिक्का दरवेळी वेगळा उमटतो. मी साताऱ्याच्या संगणकाशी जोडते तेव्हा वर सांगितल्याप्रमाणे दोघांत एक गुप्त आकडा ठरतो, त्यातून त्या एका भेटीपुरती खूण तयार होते, आणि माझा लॅपटॉप त्या खुणेवर सही करतो. सातारा ती सही जाहीर किल्लीशी ताडून बघतो. उद्या कोणी ती सही चोरली तरी तिचा उपयोग शून्य, कारण उद्याच्या भेटीची खूण निराळी असेल. मी चुकून भलत्याच संगणकाशी जोडले तरी त्याला मिळणारी सही साताऱ्यात चालणार नाही. पासवर्ड एकदा चुकीच्या हातात गेला की गेला. सहीचं तसं नाही.

आता प्रत्यक्ष काम. साताऱ्याच्या संगणकासमोर बसून ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर’ एवढं केलं की पलीकडची बाजू तयार होते. पुण्याच्या लॅपटॉपवर ‘एसएसएच-कीजेन’ चालवायचं. प्रकार ईडी२५५१९ निवडा. नव्या आवृत्त्यांत तोच आपोआप येतो. तो लहान आहे, वेगवान आहे आणि त्यात निवड चुकायला फारसा वाव नाही. मग एसएसएच-कीजेन पासफ्रेज मागतं, म्हणजे खाजगी किल्लीची फाइल उघडायचे परवलीचे शब्द. इथे बरेच जण एंटर दाबून पुढे जातात. कृपा करून तसं करू नका. लॅपटॉप चोरीला गेला तर खाजगी किल्लीची फाइलही गेली. तेव्हा चोर आणि घर यांच्यामध्ये उरतो तो हा पासफ्रेजच. चार-पाच असंबद्ध शब्द घ्या, आठवायला सोपे जातात. एसएसएच-एजंट नावाचा मदतनीस किल्ली एकदा उघडून स्मृतीत धरून ठेवतो, त्यामुळे दिवसभर पुन्हा पुन्हा टाइप करावं लागत नाही.

जाहीर किल्ली साताऱ्याला पोहोचवायची ती ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ने. ती ‘ऑथराइज्ड कीज’ नावाच्या फाइलीत एका ओळीत जाऊन बसते. त्या ओळीच्या शेवटी किल्ली कोणत्या यंत्रावरची हे लिहिलेलं असतं. प्रत्येक यंत्रासाठी वेगळी किल्ली करा, एकच खाजगी किल्ली लॅपटॉप, ऑफिसचा संगणक आणि फोन अशी वाटत फिरू नका. गेल्या वर्षी माझा जुना फोन हरवला तेव्हा मी साताऱ्यात जाऊन फोनची एक ओळ पुसली आणि विषय मिटला. बाकी काही बदलावं लागलं नाही. किल्ली टाकूनही पासवर्डच मागितला जात असेल तर बहुतेक वेळा दोष परवानग्यांचा असतो: एसएसएचचं फोल्डर ७०० आणि आतली फाइल ६००, म्हणजे दोन्ही फक्त मालकापुरती, आणि आपलं होम फोल्डर इतर कोणाला लिहिता येईल असं नको. सैल परवानग्या दिसल्या की एसएसएच त्या फाइलीवर विश्वासच ठेवत नाही, आणि ते योग्यच आहे.

किल्लीने आत जाता येतं याची खात्री झाली की मगच पासवर्डाचं दार बंद करायचं. सेटिंगच्या फाइलीत ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन’ला नो, ‘परमिट रूट लॉगिन’लाही नो, आणि ‘अलाऊ यूजर्स’समोर फक्त आपलं नाव. नंतर ‘एसएसएचडी’ला, म्हणजे पलीकडच्या सर्व्हर प्रोग्रामला, आज्ञेपुढे आडवी रेघ आणि छोटा टी लावून विचारायचं की फाइलीत चूक तर नाही ना, आणि मगच सेवा पुन्हा सुरू करायची.

इथे एक खड्डा आहे ज्यात अनेक जण पडतात. मुख्य फाइलीच्या वरच्या भागातच शेजारच्या एका फोल्डरातल्या छोट्या फाइली वाचायला सांगितलेलं असतं, आणि एसएसएचचा नियम असा की एखाद्या सेटिंगची जी किंमत आधी दिसेल ती खरी. क्लाउडवरच्या उबुंटू यंत्रात त्या फोल्डरात ५० ने सुरू होणारी क्लाउड-इनिटची (नवं क्लाउड यंत्र आपोआप बसवणाऱ्या साधनाची) एक फाइल असू शकते आणि तिच्यात पासवर्डला यस लिहिलेलं असू शकतं. मग मुख्य फाइलीत तुम्ही कितीही नो लिहा, दार उघडंच राहतं आणि तुम्हाला वाटतं बंद झालं. म्हणून ‘एसएसएचडी’ला मोठ्या टीने चालवा. प्रत्यक्षात काय लागू आहे याची पूर्ण यादी ते दाखवतं. फाइलीत काय लिहिलं यापेक्षा ही यादी खरी.

दुसरी गोष्ट माझ्या अनुभवाची. हे काम करताना जुनी खिडकी बंद करायची नाही. दुसरी खिडकी उघडून नव्याने आत जाऊन बघायचं, जमलं तरच पहिली सोडायची. मी यूएफडब्ल्यू ही फायरवॉल, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारा पहारेकरी, पुण्यातून सुरू केली तेव्हा आधी एसएसएचला परवानगी द्यायला विसरले. चालू असलेली जोडणी तशीच चालत राहिली, त्यामुळे काही बिघडलंय हे कळलंच नाही. रात्री पुन्हा जोडायला गेले तर उत्तरच येईना. बाबांना मॉनिटर लावून टर्मिनल उघडायला सांगणं त्या दिवशी शक्य नव्हतं, घरी पाहुणे होते. शनिवारी सकाळी स्वारगेटवरून एसटी पकडली आणि साताऱ्याला जाऊन एक ओळ टाइप केली. क्रम असा हवा: आधी ‘यूएफडब्ल्यू अलाऊ ओपनएसएसएच’, मग ‘यूएफडब्ल्यू एनेबल’.

पोर्ट २२ बदलून दुसरा ठेवावा का, असं हमखास विचारलं जातं. बदलला तर नोंदीतला गोंगाट कमी होतो, सुरक्षितता फारशी वाढत नाही. सगळे पोर्ट चाचपणारी यंत्रंही असतातच. पुन्हा पुन्हा चुकणाऱ्या पत्त्यांना काही काळ हाकलणारा फेलटूबॅन पासवर्ड चालू असेल तर फार उपयोगी, किल्लीच चालत असेल तर सोयीपुरता. मी तो बसवलेला नाही.

घरच्या संगणकाची खरी अडचण वेगळीच निघते. राउटरच्या बाहेरून आत वाटच नसते. भारतात मोबाइल इंटरनेटवर आणि बऱ्याच ब्रॉडबँडवर एकच जाहीर पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, किंवा वेबसाइट दाखवतात त्या पत्त्याशी जुळत नसेल, तर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे राउटरवर आलेली हाक आतल्या संगणकाकडे वळवणं, कितीही केलं तरी चालणार नाही. बाहेरून येणारी हाक तुमच्या घरापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी घरच्या संगणकानेच बाहेर हात द्यायचा. मी एक छोटा भाड्याचा सर्व्हर घेतला आणि वायरगार्ड बसवलं, म्हणजे यंत्रांमध्ये बंद खाजगी वाट बांधणारा प्रोग्राम. साताऱ्याचा संगणक त्या सर्व्हरला दर २५ सेकंदांनी एक छोटं पाकीट पाठवतो, त्यामुळे वाट उघडी राहते. पुण्याहून मीही त्याच सर्व्हरला जोडते आणि दोघे एका खाजगी जाळ्यात भेटतो. सर्व्हर नको असेल तर टेलस्केल ही सेवा हेच काम पाच मिनिटांत करून देतं, तेही वायरगार्डवरच उभं आहे. फक्त लक्षात ठेवा की कोणती जाहीर किल्ली कोणाची हे तिथे ती कंपनी सांगते, म्हणजे तेवढा विश्वास तिच्यावर टाकलेला असतो.

वायरगार्ड जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलं आणि मार्च २०२० मध्ये ते लिनक्सच्या ५.६ या गाभ्यात (कर्नेलमध्ये) आलं. सुमारे चार हजार ओळींचं आहे, म्हणजे एखादा जाणकार ते सबंध वाचून काढू शकतो. त्याचा मला सर्वात आवडलेला गुण असा की ओळखीच्या किल्लीने न आलेल्या पाकिटाला ते उत्तरच देत नाही. बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. घराचा जाहीर पत्ता असला तरी मी पोर्ट २२ थेट इंटरनेटवर ठेवणार नाही, वायरगार्डच्या आडच ठेवेन.

हा हट्ट का, याचं उत्तर २०२४ साली मिळालं. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते. आपल्या चाचणीच्या यंत्रावर एसएसएचने आत शिरायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या कोणी सोडून दिलं असतं. ते मागे लागले आणि २९ मार्चला त्यांनी जगाला कळवलं की एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसवलेलं आहे. काही लिनक्समध्ये एसएसएचचा सर्व्हर आडवाटेने ते साधन वापरत होता, आणि ज्याच्याकडे ठरावीक किल्ली असेल त्याला त्या दारातून कोणाच्याही यंत्रावर आज्ञा चालवता आल्या असत्या. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोनेक वर्षं प्रामाणिकपणे काम करून विश्वास कमावला होता. सुदैवाने ते मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोहोचलं. त्यात आपल्या पासफ्रेजचा, किल्लीचा काही दोष नव्हता आणि त्यांचा काही उपयोगही झाला नसता. दारापुढे दुसरं दार असतं तर मात्र झाला असता. सुरक्षेचे अपडेट उबुंटू आपोआप बसवतं, ते बंद करू नका.

टर्मिनलने भागत नसेल, स्क्रीनच बघायची असेल, तर स्क्रीन दाखवणाऱ्या व्हीएनसी किंवा आरडीपी या पद्धतींचे पोर्ट बाहेर उघडू नका. एसएसएचमधून बोगदा काढून त्यातून न्या. आणि वीज जाते-येते अशा ठिकाणी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ‘वीज परत आल्यावर सुरू हो’ ही सेटिंग लावा, लांबलचक कामं टीमक्स या प्रोग्राममध्ये चालवा. जोडणी तुटली तरी काम पलीकडे चालू राहतं.

एक बाब शेवटी ठेवली आहे. आतापर्यंत आपण कोण हे साताऱ्याला पटवत होतो. पलीकडे खरंच सातारा आहे हे आपल्याला कोण पटवणार? पहिल्यांदा जोडताना एसएसएच पलीकडच्या यंत्राच्या किल्लीचा ठसा दाखवतं आणि विचारतं, चालेल का? बहुतेक जण न वाचता यस लिहितात. त्यानंतर तो ठसा लॅपटॉपवर जपला जातो, आणि पुढे कधी वेगळा दिसला तर एसएसएच मोठ्या अक्षरांत इशारा देऊन थांबतं. गेल्या पावसाळ्यात साताऱ्याची डिस्क बिघडली, भाच्याने नवी डिस्क लावून उबुंटू पुन्हा बसवलं, वायरगार्डची जपून ठेवलेली फाइल जागेवर टाकली, आणि पुण्यात मला तो इशारा दिसला. कारण माहीत होतं. तरीही जुनी नोंद तशीच पुसून पुढे जावं असं वाटलं नाही. बाबांना फोन लावला.

“बाबा, भाच्याने स्क्रीनवर एक ओळ उघडून ठेवलीय, एसएचए२५६ असं लिहिलेली. त्यापुढची अक्षरं सावकाश वाचता का?”

“मोठं कुठलं, लहान कुठलं, तेपण सांगू?”

“हो, सगळं सांगा.”

त्रेचाळीस अक्षरं होती. बाबांनी चष्मा पुसून एकेक वाचलं, मी इकडे बोट ठेवून ताडत गेले. शेवटचं अक्षर जुळलं तेव्हा ‘एसएसएच-कीजेन’ला मोठ्या आरने जुनी नोंद काढायला सांगितलं आणि नव्या ठशापुढे यस लिहिलं.